ओट्यापुढचं गेट

मावशी, रोडगे झकास झाले.

काही जरा करपले, ते खरं. गोवऱ्यांचा विस्तव केव्हा पसरायचा आणि कणकेचे गोळे केव्हा आत ढकलायचे हे सांगायला तू नव्हतीस, आणि तुझ्या जागी गल्लीतल्या जिनं तिनं आपापला हुकूम चालवला. पण वरण घट्ट होतं, वांग्याच्या भाजीवर तर्री होती, तूप कमी पडलं नाही. समोरचे दाजी तर पुन्हा पुन्हा ताट पुढे करत होते. म्हणाले, पुणेवाल्याच्या घरचे रोडगे खाल्ले, आता मेलो तरी चालते. मग त्यांना तू आठवलीस आणि त्यांचा घास तसाच हातात राहिला. मीच म्हटलं, "खावा दाजी. मावशी असती तर तिनं दोन गोळे वरून वाढले असते."

काल आम्ही राहायला आलो. तू ज्या ओट्यावर टोपली टेकवून, "हेच घे, आता दुसरं पाहू नोको," म्हणाली होतीस, त्याच घरात. तुझी तेरवी होऊन फार दिवस झाले नाहीत म्हणून आम्ही थांबणार होतो. सुमनचं आणि माझं तसं ठरलंही होतं. पण तुझी सून वनिता आली आणि दारातच म्हणाली की बुढीनं तुमच्या रोडग्यांसाठी गोवऱ्या वेगळ्या काढून छपरात वाळवत ठेवल्या आहेत, त्या आता मी तिच्या नावानं चुलीत घालू का? लगेच वास्तूची तारीख धरली.

तुला हे सगळं सांगायची घाई झाली आहे. सकाळचं कोवळं ऊन ओट्याच्या काठावर आलंय, थंडी आहे, मी घोंगडी पांघरून आतल्या खोलीच्या दाराशी बसून लिहितोय. आठवीत शाळा सुटल्यापासून एवढं सलग काही लिहिलं नव्हतं. कोटेशन लिहितो तेवढंच. पण तुझ्याशी बोलायची सवय लागली आहे, ती कुठं टाकू?

*

पहिल्यापासून सांगतो, तुला माहीत असलं तरी.

मी चंदगडचा. तिथून पातूर म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक सोडून जवळजवळ दुसरं टोक. मुकादमाबरोबर शेडची कामं करत करत अकोल्याला आलो, कापसाच्या जिनिंगच्या शेडवर पत्रे चढवले. काम संपलं, बाकीची पोरं परत गेली, मी पातूरच्या एका दुकानात वेल्डिंगला राहिलो. थोड्या दिवसांसाठी म्हणून राहिलो. मग लग्न झालं, सुमन आली, आर्या झाली, स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान झालं. अर्ध्या गावाची ग्रिलं आणि गेटं माझ्या हातची. तरी मनात ते थोडे दिवस काही संपत नव्हते.

आणि गल्लीनं मला पहिल्या दिवसापासून पुणेवाला केलं. मी पुणं फक्त बसच्या खिडकीतून बघितलंय. हे किती वेळा सांगितलं. तू म्हणालीस, "तिकडचे सारे पुन्याचेच रे. इकडून आमाले एकच दिसते."

तुझी माझी ओळख ताडपत्रीवरून झाली. तुझ्या भाजीच्या दुकानावर सावलीसाठी पाईपांचा सांगाडा करून द्यायचा होता. मी टेप घेऊन आलो आणि विचारलं की तुम्हाला उंची किती हवी. तू मेथीच्या जुड्या बांधायच्या थांबवल्यास आणि माझ्याकडे असं बघितलंस की मी टेप परत खिशात घातला.

"'तुमी' कोनाले म्हनून राह्यला? मी का तहसीलदारीन हाओ?"

मला वाटलं, काम गेलं. घरी जाऊन सुमनला सांगितलं की बाई फार रागीट आहे. दुसऱ्या दिवशी तू दुकानावर आलीस, वांगी आणि सांभाराची जुडी कागदात गुंडाळून माझ्या वेल्डिंग मशीनवर ठेवलीस आणि विचारलंस, "काल तोंड काहून पाडलं व्हतं?" मला सांभार म्हणजे कोथिंबीर हेही तेव्हा नवीन होतं. इथल्या लोकांचं रागावणं आणि लाड करणं एकाच आवाजात चालतं हे समजायला मला बराच वेळ लागला. समजलं, आणि मग मी तुला तू म्हणायला लागलो.

*

भाड्याच्या खोलीत एकदा तू आलीस. पाणी पिताना तुझी नजर पलंगाखाली गेली. तिथं दोन पोती आणि एक पेटी होती. पोत्यांत भांडी, पेटीत सुमनच्या लग्नातल्या साड्या, आईनं दिलेलं तांब्याचं घंगाळ, देवांचे फोटो. लग्न झाल्यापासून ती पेटी आम्ही पूर्ण उघडली नव्हती. लागेल तेवढं वरचं काढायचं आणि झाकण लावायचं.

तू विचारलंस, "हे पोतं कोनाचं?"

मी म्हटलं, आमचंच, कधी निघावं लागेल काय सांगावं.

"कोनी हाकलून राह्यलं का तुले?"

कोणी हाकलत नव्हतं, मावशी. पण मला झोपेतही कोणीतरी दार वाजवतंय असं वाटायचं. ते तुला मी नीट सांगितलं नाही. त्यावर पुढं येतो.

त्या दिवसापासून तू घर शोधायला लागलीस. मी नाही, तू. आणि घर बघायची तुझी पद्धत मी आजपर्यंत कुठं पाहिली नाही. मी भिंतीला ओल आहे का ते बघायचो, नळाची तोटी फिरवायचो, छताची सळई कुठं उघडी पडलीय का ते बघायचो. तू आतच जायची नाहीस. "आतून सारे घरं सारखेच असतात," म्हणायचीस. "ओट्यावर बस. सांज होऊ दे. मंग मी सांगतो."

बस स्टँडजवळचं पहिलं घर नवीन होतं, भिंतींना टाइल्स, खाली शटर, वर जायला थेट जिना. मला फार आवडलं. तू टोपली हातात घेऊन रस्त्यावर उभी राहिलीस, इकडे बघितलंस, तिकडे बघितलंस, टेकायला जागा सापडली नाही आणि चालायला लागलीस. मी मागून पळत आलो. मागे वळूनही न बघता म्हणालीस, "जथी बुढीले बसाले जागा नाही, तथी मान्सं येतीन कायले?"

दुसरं लेण्यांच्या बाजूला. मोकळं, हवेशीर, मोठा ओटा. उन्हाळ्याचे दिवस होते, आपण तिघंही, तू, मी आणि सुमन, ऊन उतरल्यापासून दिवे लागेपर्यंत तिथं बसलो. समोरची दारं बंद. एक बकरी आली, सुमनचा पदर हुंगून गेली. मी आशेनं म्हटलं, बघ, बकरी तरी आली.

तू म्हणालीस, "तिनं इचारलं का तुले, जेवला का म्हनून?"

सुमन एवढी हसली की तिला ठसका लागला. परत येताना मी हिरमुसलो होतो. मला वाटायला लागलं होतं की घर घेणं आपलं काम नाही, ही माणसं आपली नाहीत, आपण परत जावं. तू ओळखलंस. वाटेत एका गाड्यावरून दोन गिलावडे घेऊन माझ्या हातात ठेवलेस.

आणि मग हे घर. मास्तरीणबाईंचं. त्यांना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गल्लीतल्या बहुतेकांना त्यांनीच बाराखडी शिकवली, आणि आता मुलाकडे नाशिकला जायचं म्हणून घर विकायला काढलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पत्र्याची न्हाणी, शेवग्याचं झाड. घर साधंच. पण पुढं हा काळ्या फरशीचा रुंद ओटा, रस्त्याला लागून, बसून बसून कडा गुळगुळीत झालेला.

तू टोपली टेकवलीस. त्या टोपलीचा आवाज मला आजही ऐकू येतो, आधी एक कड टेकायची, मग दुसरी, आणि मग तुझा लांब श्वास. आणि तू अजून पदरानं तोंड पुसत होतीस तेवढ्यात समोरून दाजींनी विचारलं, "कोन होये वं गिरजा? कोनाचे पावने?"

"माह्ये होयेत."

त्यांनी पाणी पाठवलं. मग कोणीतरी आर्याला विचारलं की तुला लंगडी येते का, आणि ती गेलीच. एक बाई आली, कडेवरचं तान्हं बाळ सुमनच्या मांडीवर ठेवलं, "पाह्य जरासक, मी तेल घेऊन येतो," म्हणाली आणि दुकानात निघून गेली. ओळख नाही, नाव माहीत नाही. सुमन ते बाळ घेऊन अशी बसली होती जसं कोणी तिला बक्षीस दिलं होतं. बाई परत यायच्या आत मला चंदगड कुठं आहे, तिथं पाऊस किती पडतो, काजू झाडाला कसा लागतो आणि मी इतका वाळलेला का, एवढ्या सगळ्याची उत्तरं द्यावी लागली. मास्तरीणबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी घर दाखवलंच नाही. त्या फक्त म्हणाल्या की आत या, चहा टाकते.

चहा घेऊन पुन्हा ओट्यावर आलो तेव्हा मी घाबरलेलो होतो, पण वेगळ्या तऱ्हेनं. लहानपणी जत्रेत पाळणा वर जायला लागला की खाली बघवतही नाही आणि उतरायचंही नसतं, तसं. तू माझ्याकडे बघत होतीस. तेव्हाच म्हणालीस, हेच घे.

*

खरेदीच्या दिवशी तू लग्नातलं लुगडं नेसून आली होतीस, डोक्यात स्वतःच्या मळ्यातली शेवंती. साक्षीदार म्हणून तुझा अंगठा लागणार होता. मी पानापानावर सह्या केल्या. आणि ठसे घ्यायचं ते यंत्र तुझा अंगठा घेईना. कारकुनानं पुसायला सांगितलं. पुन्हा घेईना. त्यानं दुसरा मागितला. तोही घेईना. मागे रांग थांबलेली, आता हे सगळं मोडणार असं मला वाटत होतं.

तू त्याला शांतपणे सांगितलंस, "बाबू, अंगठे गेले भाजीत. वांग्यायच्या काट्यायले इचार, माह्या रेषा कुठी हायेत त्या."

तो कारकूनसुद्धा हसला. मग तू अंगठा लुगड्याच्या काठावर घास घास घासलास, तोंडाची वाफ दिलीस, आणि यंत्रानं घेतला. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस. जसं काही घर मी नाही, तू विकत घेतलंस.

मास्तरीणबाईंनी दिवाळीपर्यंत राहायची मुदत मागितली होती. पण गल्लीनं तेवढा धीर धरला नाही. आश्विनात भुलाबाई बसली ती याच ओट्यावर, आणि आर्याला बोलावणं आलं, का तर तिचंच घर आहे. आमच्याकडे हादगा असतो, गाणी वेगळी. ती लाजत होती. मग खाऊ ओळखायची वेळ आली. झाकलेल्या डब्यात काय आहे ते पोरींनी सांगायचं. चिवडा म्हणून झालं, चकली म्हणून झालं, शेव, लाडू, उकडलेल्या शेंगा, सगळं झालं. डबा तुझा होता आणि तू हाताची घडी घालून जिंकल्यासारखी बसली होतीस. आर्या हळूच म्हणाली, सांभारवडी. तू म्हणालीस, हे फितूर कोन झालं? आणि तिला उचलून घेतलंस, तुझ्या कमरेला झेपत नसताना. ओळखणार नाही तर काय, मावशी, दुपारभर तुझ्या हातांना सांभाराचा वास येत होता आणि तू त्याच हातांनी तिची वेणी घातली होतीस.

*

आता गेटाचं.

दुकानात उरलेल्या सळया, पट्ट्या, पत्र्याचे तुकडे मी खूप दिवसांपासून बाजूला ठेवत होतो. लोकांची गेटं करताना मनात माझं स्वतःचं एक गेट चालू असायचं. खरेदी झाली आणि मी ते करायला घेतलं. दोन पाटांचं, मधून उघडणारं, माणसाच्या छातीइतकं उंच, आणि वर नक्षी. काजूची पानं, पानांत काजूची बोंडं, खाली बी लटकलेली. आमच्या चंदगडच्या घरामागे काजू आहेत. पत्रा कापून, घासून, एक एक पान केलं.

तू दुकानात आलीस, चष्मा नाकावर सरकवून जवळ गेलीस आणि बराच वेळ बघत राहिलीस.

"वांगे झकास केले रे," म्हणालीस.

मी सांगितलं, काजू आहेत. तू म्हणालीस, देठ खाली असलेले वांगे आहेत, मी जन्म वांग्यांत काढला, मला शिकवू नको. तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव वांग्याचं गेट पडलं. मला राग आला होता, खरंच आला होता. आणि मग तू विचारलंस की हे कुठं लावणार. मी म्हटलं, ओट्यापुढं. ओट्याच्या दोन्ही बाजूंना गज, मधे गेट.

तुझं हसू गेलं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत चाललं. तू रोज भाजी विकून घरी जाताना दुकानावर थांबायचीस, टोपली टेकवायचीस, आणि कालचं जिथं राहिलं तिथून पुढं चालू करायचीस. ओटा बंद केला तर बाई बाळ कुठं ठेवणार? मी म्हणायचो, चोर येतात. तू म्हणायचीस, तुह्याकडे चोराच्या कामाचं हाये काय, ते पोतं? मी म्हणायचो, कुत्री येतात. तू म्हणायचीस, येऊ दे, भाकर टाक. मी म्हणायचो, घर माझं आहे. त्यावर तू टोपली उचलून निघायचीस आणि मला तेच सहन व्हायचं नाही.

खरं कारण मी एकदाही बोललो नाही. मावशी, भाड्याच्या ज्या पहिल्या खोलीत आम्ही राहायला गेलो, तिथला मालक दार न वाजवता आत यायचा. खोली माझी आहे, म्हणायचा. आम्ही जेवायला बसलेलो असायचो, हा आत. सुमन डोक्यावरून न्हाऊन केस पुसत असायची, हा आत. मीटर बघायला, खिळा बघायला, कशालाही. मी त्याला कधी काही बोलू शकलो नाही, कारण निघ म्हणाला तर कुठं जाणार. पुढं खोल्या बदलल्या, मालक बदलले, पण पायांचा आवाज झाला की सुमन अजूनही पदर सावरून उभी राहते. ते उभं राहणं बघून बघून मी ते गेट मनात केलं होतं. आतून कडी असलेलं. आपण उघडू तेव्हाच उघडणारं. हे तुला सांगायला हवं होतं. लाज वाटली, आणि मी चोर नि कुत्री सांगत बसलो.

शेवटच्या दिवशीही भांडलोच. दिवाळी झाली होती, तुझ्या टोपलीत थोडी मेथी उरलेली. तू दमलेली दिसत होतीस, मी म्हटलं गाडीवर सोडतो, तर नको म्हणालीस. निघताना वळलीस आणि गेटाच्या एका बोंडावर बोट ठेवून म्हणालीस, "एवढं चांगलं केलं रे. पन जागा चुकून राह्यला. उद्या सांगतो तुले."

उद्या सकाळी वनिताचा फोन आला.

तू काय सांगणार होतीस हे मी तेरवीपर्यंत स्वतःला विचारत होतो. माणूस गेलं की माणसं त्याचा स्वभाव, त्याचे उपकार, असलं काय काय बोलतात. मी मांडवात बसून फक्त एवढाच विचार करत होतो की ती काय सांगणार होती.

*

मास्तरीणबाई निघायच्या दिवशी चावी द्यायला थांबल्या होत्या. मुलगा गाडीत सामान भरत होता. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या की एक गोष्ट तुला गिरजानं सांगितली नसणार.

घरासाठी आणखी एक जण आला होता म्हणे. बरा माणूस, पण तो ओट्यावर दुकान काढणार होता. बाईंना ते नको होतं. त्यांचं निम्मं आयुष्य या ओट्यावर पोरांच्या शिकवण्या घेण्यात गेलं. तेव्हा तू त्यांना शब्द दिलास की माझा पोट्टा ओटा बंद करणार नाही.

"मी तिला विचारलं, त्यानं तसं सांगितलंय का तुला," बाई म्हणाल्या. "तर म्हणे, आजून नाही सांगतलं. पन सांगन."

तू एवढं भांडलीस, रोज भांडलीस, पण एकदाही हे बोलली नाहीस की मी शब्द देऊन बसले आहे. बोलली असतीस तर मी त्याच क्षणी गेट मोडीत दिलं असतं. ते तुला माहीत होतं, म्हणूनच बोलली नाहीस. बाईंनी चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, शब्द तिचा होता, तुझा नाही. घर तुझं आहे. काय करायचं ते कर, मी विचारायला येणार नाही.

म्हणजे मी मोकळा होतो. आणि तरी ठरवता येईना. एका बाजूला तुझा शब्द, दुसऱ्या बाजूला पदर सावरून उभी राहणारी सुमन. काल सकाळी टेंपोत सामानाबरोबर गेट चढवलं ते काहीही न ठरवता. सिमेंटही घेतलं होतं. वाटलं, पूजा होईपर्यंत डोकं शांत होईल, मग बघू. गेटाचे पाट भिंतीला टेकवले आणि मी तूप आणायला गेलो.

परत आलो आणि रस्त्यातच थांबलो.

माझं गेट आडवं झालं होतं. गल्लीच्या मधोमध विटा रचून त्यावर दोन्ही पाट निजवले होते, आणि त्यावर वरणाचं पातेलं, भाजीचं पातेलं, कणकेच्या गोळ्यांनी भरलेल्या पराती, मिठाची वाटी, ताटांची चळत. वनिता पदर खोचून उभी होती. ओट्यावर बायका, ओट्याच्या पायरीवर पोरं, पलीकडे तुझ्या गोवऱ्यांचा धूर. कोणी मला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दाजी म्हणाले, "पुनेवाले, टेबल लय भारी बनवलं तुमी. पाह्यजा, वांग्यावर वांगे शिजून राह्यले."

मी हसलो, मावशी. तू गेल्यापासून पहिल्यांदा, पोट दुखेपर्यंत हसलो. हातातलं तूप सांडेल म्हणून आर्यानं डबा काढून घेतला.

दिवसभर ओटा भरलेला होता. मला माझ्याच ओट्यावर जागा मिळाली नाही, मी खालच्या पायरीवर बसून जेवलो. तिथून दार समोर दिसत होतं, आणि तिथून मी ते बघितलं जे तू मला दाखवायला निघाली होतीस की काय कोण जाणे. सुमन दमून आत जाऊन बसली होती. बायकांना आत काही ना काही लागत होतं, पाणी, चमचा, सुरी. प्रत्येक बाई ओट्यावरून उठायची, दारापर्यंत जायची आणि उंबऱ्याशी थांबायची. जिनं बाळ मांडीवर टाकलं होतं तीसुद्धा. दार सताड उघडं, तरी थांबायची.

"येऊ का वं, सुमन?"

आणि आतून सुमनचा आवाज यायचा, "या की."

ती उठत नव्हती, मावशी. बसल्या बसल्या म्हणत होती. पाय पसरून, भिंतीला टेकून.

ओट्यावर सगळ्या गल्लीनं बसायचं, आणि उंबरा विचारून ओलांडायचा. हे इथं सगळ्यांना इतकं माहीत आहे की कोणी कोणाला सांगत नाही. ज्याला बसायला ओटा आहे तो घाईनं घरात कशाला शिरेल? त्या मालकाच्या खोल्यांना ओटा नव्हता. मी लोखंडाची नक्षी करत बसलो, आणि मला हवं होतं ते गेट इथं आधीपासून होतं, काळ्या फरशीचं, रुंद.

उद्या सांगतो म्हणालीस ते हेच होतं का? की वेगळंच काही होतं, एखादी शिवी? हे मला आता कळणार नाही. माझी बाजू तुला कळणार नाही. पण भांडण तू जिंकलीस हे लिहून ठेवतो. वर एक गोष्ट मात्र माझीच खरी: ते काजू आहेत.

गेट मागे लावणार आहे, शेवग्यापाशी, तिथं कुंपण पडलंय. आधी त्यावरची हळद आणि तुपाचे डाग निघतात का बघायचं. काल सगळे गेल्यावर सुमननं पेटी उघडली, तळापर्यंत. आईचं घंगाळ बाहेर काढलं, आणि पोती झटकून आर्यानं शेवग्याखाली वाळत घातली. आता त्यांचं काय करायचं असं ती विचारत होती. वनिताला देऊ, भाजीला होतील.

बाहेर ओट्यावर कोणीतरी काहीतरी ठेवलं. आधी एक कड टेकली, मग दुसरी. मी मान वर केली नाही, कोण आहे ते बघायला उठलो नाही. सुमनही आत चुलीशी बसलीच आहे.

"आर्या, पानी आन वं माय," वनिताचा आवाज आला.

आर्या तांब्या घेऊन धावली.